आकाशातला फ्लॉवर

ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांच्या छायाचित्र प्रदर्शनात माझ्या फोटोला पहिला नंबर मिळाला. प्रमाणपत्र आणि स्टीलची पाण्याची बाटली. कँटीनच्या भिंतीवर तो फोटो आठवडाभर लटकत होता आणि डबा खाऊन हात धुतल्यावर मी रोज त्याच्यासमोरून जरा हळूच चालत होते, हे कबूल करते. फोटो मुंबईतल्या बाणगंगा तळ्याचा. पायरीवर बसलेले एक वयस्कर चित्रकार, मांडीवर बोर्ड, बोर्डावर अर्धवट झालेलं जलरंगातलं चित्र, आणि त्यांचा ब्रश चित्रातल्या आकाशाला नेमका टेकलेला. ब्रशच्या टोकाशी उजेडाचा एक ठिपका. 'काय क्षण पकडलाय' असं आमचे साहेबसुद्धा म्हणाले. शेवटच्या दिवशी अकाउंट्समधल्या मैत्रिणीची मुलगी आली होती, आर्ट कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकणारी. तिने मान तिरकी करून फोटो पाहिला, पुढे होऊन आणखी जवळून पाहिला आणि म्हणाली, "मावशी, यांच्या आकाशात फ्लॉवर आला असणार."

मला आधी कळलंच नाही. फ्लॉवर म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर बटाटा येतो, मटार येतो, कढई येते. मग तिने समजावलं. जलरंगाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सपाट हात, दिला की तो आधी चमकतो. मग चमक जाते, पण कागद आतून ओलसरच असतो. त्या वेळेला पाण्याने भरलेला ब्रश लागला की नवं पाणी आधीच्या रंगाला बाहेर ढकलतं, रंग कडेला जाऊन साचतो आणि मधे फिकट, कडेला दातेरी असा एक डाग उमटतो. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसतो म्हणून फ्लॉवर. "पूर्ण ओल्यात चालतं, पूर्ण वाळल्यावर चालतं. अधल्यामधल्यात हात लावायचा नाही. आम्हाला पहिल्या महिन्यातच दम भरतात." फोटोतल्या कागदावर बोट न टेकवता तिने हवेतच एक गोल काढला. "बघ, इथली चमक गेलीय. इतके सीनियर आहेत, त्यांनी का बरं लावला असेल ब्रश?"

का लावला, ते मला माहीत होतं.

घरी आल्यावर चहासुद्धा न करता कॉम्प्युटर उघडला. फोटोवर वेळ असते, ती लपवता येत नाही. 7.41 ला काढलेल्या फोटोत आकाश स्वच्छ आहे, वर निळसर-करडं आणि खाली उतरताना फिकट पिवळ्यात विरत गेलेलं. 7.43 चे तीन फोटो, त्यातला मधला बक्षिसाचा. त्यानंतर मी बदकांच्या मागे गेलेली दिसते, बदकांचे बावीस फोटो आहेत. मग 8.06 ला पलीकडच्या पायऱ्यांवरून काढलेला एक, ज्यात काका कोपऱ्यात अंगठ्याएवढे आहेत. तो मोठा केला, आणखी मोठा केला. चौकोनी ठिपके दिसायला लागले तरी कागदाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक पांढुरका डाग, त्याला गडद कड, हे दिसायचं ते दिसलंच. आणि काका चित्र काढत नव्हते. ब्रश बाजूला ठेवून, गुडघ्यांवर हात ठेवून नुसते बसले होते. कारण 7.43 च्या आधी मी त्यांना म्हटलं होतं, "काका, ब्रश जरा आकाशावर धरता का? एकच सेकंद."

तो रविवार पितृपंधरवड्यातला होता. डोंबिवलीहून पहाटेची लोकल, दादरला पूल ओलांडून पश्चिमेची गाडी, ग्रँट रोडला उतरून टॅक्सी. "विधी आहे का कुणाचा?" टॅक्सीवाल्याने विचारलं, आणि "नाही, फोटो काढायला" असं सांगताना उगाचच ओशाळल्यासारखं झालं. गल्लीच्या पायऱ्या उतरताना तळं दिसायच्या आधी त्याचा वास येतो. शेवाळ, उदबत्ती, ओला दर्भ, आणि त्या दिवशी त्यात कुणाच्या तरी खिडकीतून आलेली मोहरीची फोडणी. खाली अजून ऊन पोचलं नव्हतं. वरच्या टॉवरांच्या शेवटच्या मजल्यांना सोनं लागलेलं आणि तळं मात्र राखाडी, झोपेतलं. पायऱ्यापायऱ्यांवर माणसं बसली होती. कुणाचं क्षौर चाललेलं, कुणी पिंड मांडून दक्षिणेकडे तोंड करून, कुणी गुरुजींच्या मागोमाग गोत्राचा उच्चार करताना अडखळणारा. कावळ्यांना त्या पंधरा दिवसांत भाव येतो. इतकं पुढ्यात असूनही ते आपले मानपान असल्यासारखे लांब बसले होते. विधीला बसलेल्या माणसावर कॅमेरा रोखायचा नाही, हे माझं ठरलेलं आहे. मुंडण करताना मान खाली घातलेल्या माणसाचा फोटो कितीही चांगला येणार असला तरी नाही. एवढी शहाणी मी. पण चित्र काढत बसलेल्या माणसाला मात्र बिनदिक्कत सांगितलं, असं करा, तसं करा. तोही आपल्या कामातच होता, हे डोक्यात आलं नाही.

काका दीपस्तंभाच्या अलीकडे बसले होते. घडीचं स्टूल, पाण्याला श्रीखंडाचा रिकामा डबा, खांद्यावर जुन्या बनियनचं फडकं. आधी विचारलं होतं मी, फोटो काढू का म्हणून. "काढा की," म्हणाले, "मी काय नटी आहे?" महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, राहायला गिरगावात, हे त्यांनी पेन्सिलीने रेघा मारता मारता सांगितलं. मग बोलणं बंद. स्पंजने कागद ओला केला, बोर्ड खालून पेन्सिलबॉक्सची उटी लावून तिरका केला आणि जाड ब्रशने वरून एक आडवा फटकारा ओढला. ओल्या रंगाची एक टपोरी रेघ खालच्या कडेला गोळा होऊन थरथरत थांबली. दुसऱ्या फटकाऱ्याने ती उचलली आणि खाली आणली, तिसऱ्याने आणखी खाली. आई डोशाचं पीठ तव्यावर फिरवायची तशी, घाई नाही आणि थांबणंही नाही. तीन-चार मिनिटांत आकाश झालं. मी तेवढ्यात साठेक फोटो काढले असतील.

आणि मग ते थांबले. हवा इतकी दमट, की कागद वाळेना. काका तळ्याकडे बघत बसले, मधूनच मान वाकवून कागद तिरक्या नजरेने बघायचे. आता कळतं, ते चमक गेली का बघत होते. मला तेव्हा वाटलं, गाडी बंद पडली. वाट बघत बसलेल्या माणसाचा फोटो काय काढायचा? हातात ब्रश नाही, चेहऱ्यावर भाव नाही, शेजारी श्रीखंडाचा डबा. माझ्या डोक्यात चित्रकाराचा फोटो म्हणजे ब्रश कागदावर, नजर लांब. म्हणून म्हटलं, एकच सेकंद. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं. तीस-पस्तीस वर्षं 'सर, माझं बघा ना' ऐकलेला माणूस. नाही म्हणायची सवय मोडली असणार. डब्यात ब्रश बुडवला, फडक्याला न टिपताच उचलला आणि धरला. मी तीनदा बटण दाबलं. "झालं?" म्हणाले. मी म्हटलं, "झालं. थँक्यू काका." आणि बदकांकडे गेले.

चित्र काढणाऱ्यांचे फोटो काढायची मला ओढ का, हा प्रश्न नवऱ्याने एकदा विचारला होता. इतकी हौस आहे तर तूच का नाही काढत चित्र? उत्तर सोपं आहे, येत नाही म्हणून. सातवीत एलिमेंटरीला बसले होते. शेजारच्या शाळेत सेंटर, लांब बाकं, मधे स्टुलावर तांब्या, त्याला टेकवलेलं वांगं आणि मागे घडी पडलेलं कापड. वस्तुचित्र कसंबसं निभावलं. स्मरणचित्राला भाजीबाजार आला. बायका काढल्या, टोपल्या काढल्या, आणि कॅमलच्या वड्यांमधला हिरवा इतक्या उत्साहाने फासला की मेथीची जुडी शेजारच्या बाईच्या पातळात उतरली, पातळ रस्त्यात उतरलं आणि पेपर संपेपर्यंत बाजारात पूर आला. आमच्या चित्रकलेच्या बाई वर्षभर एकच वाक्य म्हणायच्या, "अगं, वाळू दे आधी." सी ग्रेड मिळाली. इंटरमिजिएटला मी बसलेच नाही.

पहिल्या पगारातून कॅमेरा घेतला तेव्हा सगळ्यात सुखाची गोष्ट ही, की काही वाळावं लागत नाही.

पुढे कधीतरी वाचनात आलं, की फोटोग्राफीच्या मुळाशीच असा एक चित्र न येणारा माणूस आहे, तेव्हा फार बरं वाटलं. हेन्री फॉक्स टॅलबट. लग्नाला वर्ष व्हायच्या आत, 1833 च्या ऑक्टोबरात, इटलीतल्या कोमो सरोवराच्या काठी बसून समोरचा देखावा उतरवू पाहत होता. बायकोला चित्रं काढता यायची, याला नाही. म्हणून त्याने एक लोलक लावलेलं यंत्र वापरलं. त्यातून पाहिलं की देखावा कागदावर पडल्यासारखा दिसतो, आपण नुसता गिरवायचा. तेही जमेना. यंत्रावरून डोळा काढला की कागदावर नुसत्या दुबळ्या रेघोट्या. तेव्हा त्याच्या मनात आलं, हा देखावा स्वतःच कागदावर उमटून राहिला तर? त्यातून पुढे निगेटिव्ह आली, प्रिंट आली. पॅरिसच्या दागेरने 1839 साली आपली पद्धत जगापुढे मांडली, तो तर नाटकांचे पडदे रंगवणाराच. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, 1841 साली, जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यायचे, त्या फुटायच्या, रंग सुकून जायचा. ट्यूब आली आणि चित्रकार रंग खिशात टाकून शेताबांधावर जायला मोकळा झाला. म्हणजे कॅमेरा आणि ट्यूब जवळजवळ एकाच पाळण्यातले. आपल्याकडेही तसंच. मुंबईत 1854 ला फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी त्या काळातले फोटोग्राफर, आणि 1857 ला जेजे स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. तेव्हापासून ही दोन भावंडं एकाच शहरात एकमेकांच्या अंगावर सावली पाडत हिंडताहेत.

सावलीवरून आठवलं. मैदानात बसलेल्या चित्रकाराच्या मागे उभं राहण्याची एक रीत असते, ती मला हळूहळू कळली. कागदावर सावली पडू द्यायची नाही. त्यांच्या आणि देखाव्याच्या मधे यायचं नाही. 'वा' म्हणायचं नाही, निदान पहिल्या अर्ध्या तासात तरी नाही. ही रीत बाकी कुणीच पाळत नाही. एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवरून समोरचं हॉर्निमन सर्कल काढत बसलेल्या कॉलेजच्या मुलांना येणारा-जाणारा प्रत्येक जण सल्ला देतो. "ते झाड राहिलं." "बस काढली नाहीस?" एका गृहस्थांनी तर एका पोरीला पाकिटातून फोटो काढून दाखवला, आमच्या वडिलांचा करून दे, किती घेशील? वर्सोव्याला बोंबील वाळत घातलेल्या बांबूंसमोर एक चित्रकार बसले होते, तर एक कोळीणबाई कमरेवर हात ठेवून मागे येऊन उभी राहिली. दोन मिनिटं बघून म्हणाली, "ह्ये बोंबील नाय. बोंबील असा सरल नसतंय." चित्रकाराने मान डोलावली आणि खरंच चार फटकारे वाकडे केले. बाई गेली ती समाधानाने. त्या वाकड्या फटकाऱ्यांनी चित्र एकदम ओलं, मासळीचं झालं. मी हे सगळं पाहत होते आणि माझ्याकडे त्याचा फोटो नाही, कारण लेन्स बदलत होते.

एका धक्क्यावर तर गंमतच. कॅमेरा बाहेर काढल्या काढल्या रखवालदार धावत आला, फोटोला मनाई आहे. बरोबरच होतं, पाटी होती. पण पाटीच्या खालीच तीन पोरं मांडी घालून बोटी, डोलकाठ्या, बर्फाच्या गाड्या, सगळं बारीकसारीक पेन्सिलीने उतरवत होती आणि तोच रखवालदार त्यांच्या मागे उभा राहून बघत होता. मी म्हटलं, मग हे कसं चालतं? तो म्हणाला, "ते हातानं काढताहेत ना, मॅडम." कॅमेरा पिशवीत टाकून मीही त्याच्या शेजारी उभी राहिले. हाताने काढलेल्यात असं काय कमी धोक्याचं असतं, यावर मी परतीच्या लोकलमध्ये कल्याण फलाटाला लागेपर्यंत विचार करत होते. म्हणजे डोंबिवली मागे गेलं होतं.

फोटो काढणारे आणि चित्र काढणारे, आमच्यातला एक फरक मला बाणगंगेवरच कळला होता, फ्लॉवरचा विषय निघायच्या फार आधी. चित्रकाराच्या खांद्यावरून फोटो घ्यायचा, तर कागद आणि देखावा दोन्ही स्पष्ट येणं अवघड. लेन्सचं भोक उघडं ठेवलं तर दोनातलं एकच नीट दिसतं. बारीक केलं, एफ 11, एफ 16, की दोन्ही येतं, पण मग सगळंच येतं. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, वायरींची जाळी, एसीचे खोके, आणि समोरच्या घराच्या पत्र्यावर टाकलेली ती भडक निळी ताडपत्री. पावसाळ्यात मुंबईत निळ्या ताडपत्रीशिवाय फोटो मिळणं म्हणजे नवलच. मी ती टाळायला काय काय करते! एक पायरी खाली बसते, दीपस्तंभ आडवा घेते, एखाद्या पारंबीची वाट पाहते. माझ्या बाणगंगेच्या फोटोंत शंभर वर्षांत काही बदललं नाही असं वाटावं, इतकी मी सफाई केलेली असते. मला वाटायचं, चित्रकारांचं बरं आहे, नको ते काढलंच नाही की झालं. तर काकांच्या पेन्सिलीच्या रेघांत सगळ्यात आधी काय होतं? ताडपत्री. शिखराच्या आधी ताडपत्री. मी विचारलंही, ती का काढताय? काकांना प्रश्नच विचित्र वाटला. "एवढा निळा दुसरा आहे का कुठे इथे? बाकी सगळं दगड आणि राख. ती काढली नाही तर हे तळं रडेल."

चित्रकार आबालाल रहिमान कोल्हापूरच्या कोटितीर्थ तळ्याच्या काठी पुन्हा पुन्हा जाऊन बसायचे, त्याच पाण्याची वेगवेगळ्या वेळची चित्रं करायचे. एकदा पाहिलं, काढलं, झालं, असं त्यांना का वाटलं नसेल, हा प्रश्न मला पूर्वी पडायचा. आता पडत नाही. प्रदर्शन उतरल्यानंतर मीच चार रविवार त्याच तळ्यावर गेले.

पहिल्या रविवारी काका नव्हते. दुसऱ्या रविवारी मेगाब्लॉकचं वेळापत्रक न बघता निघाले आणि परतताना ठाण्यापर्यंत उभी. तिसऱ्या रविवारी एक तरुण मुलगा तिथे चित्र काढत होता, त्याला विचारलं, ते श्रीखंडाच्या डब्याचे काका येतात का? तो हसला, म्हणाला, सर ना, येतात, पण कधी हँगिंग गार्डनला, कधी इकडे. जाता जाता मी त्याचा फोटो काढला का? नाही काढला. वाटत होतं काढावा. कागद चमकतोय का हे आधी पाहिलं, आणि ते पाहिल्यावर बटण दाबण्यातली मजाच गेली.

चौथ्या रविवारी, जानेवारीच्या शेवटी, काका होते. हवा कोरडी, ऊन सरळ, तळ्यात बदकं तीच. त्यांच्या नेहमीच्या सावलीतल्या जागी कुणाच्या तरी कार्यासाठी सतरंजी अंथरलेली, म्हणून ते मोकळ्यावर बसले होते. पेन्सिलीचं काम चाललेलं. मी ओळख दिली. ओळखलं नाही त्यांनी, मग म्हणाले, "हां, बदकं!" बदकांसाठी मी त्यांच्या लक्षात होते.

मी सगळं सांगितलं. मैत्रिणीची मुलगी, 7.43, बक्षीस, बाटली. सांगताना वाटत होतं, इतकं काय त्यात, आणि तरी आवाज जरा कापला. पिशवीतून फोटोची प्रिंट काढून दिली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती नाकाजवळ नेली.

"फोटो चांगला आहे," म्हणाले. मग ब्रशच्या टोकावर बोट ठेवलं. "हा गेला इथे. हो."

"माझ्यामुळे झालं, काका."

"हात माझा होता ना." थोडा वेळ गेला. "पण खरं सांगू? घरी जाऊन मी तुला शिव्या घातल्या. बायको म्हणाली, कोण ती, तुम्ही कशाला ऐकलंत तिचं? म्हटलं, पोरगी इतक्या लांबून आली होती." ते 'तुम्ही'वरून 'तू'वर आले होते, आणि मला त्या शिव्या मिळाल्याचं काय समाधान वाटलं ते सांगता येत नाही. हात माझा होता एवढ्यावर थांबले असते, तर मी ते ओझं तसंच परत घेऊन आले असते.

मी विचारलं, चित्राचं काय केलंत? मला वाटलं होतं, फाडलं असेल. त्यांनी पायाशी ठेवलेल्या फोल्डरची नाडी सोडली. "कागद फाडून चालतं का? एका शीटचे चार तुकडे करतो मी, अकरा बाय पंधराचे. तेवढाच परवडतो." तीन-चार कागद चाळून एक बाहेर ओढला. वरळीचा किल्ला होता, मागे सी-लिंकच्या तारा अगदी फिकट, पुढे काळ्या खडकांवर ओहोटीचं पाणी. फार सुरेख होतं, माझ्या तोंडून 'वा' निघून गेलंच. मग त्यांनी तो उलटा केला.

मागच्या बाजूला बाणगंगा. निळी ताडपत्री, पेन्सिलीचं शिखर, पायऱ्या अर्ध्याच रंगवून सोडलेल्या. आणि उजवीकडे वर, तो. मी त्याला महिनाभर ठिपक्याठिपक्यांत पाहत होते. प्रत्यक्षात तो माझ्या तळहाताएवढा होता. मधे जवळजवळ पांढरा, आणि कडेला निळ्या रंगाचे बारीक बारीक कण साचून बनलेली दातेरी रेघ, झाडाच्या सालीवर शेवाळ धरतं तशी. इतक्या बारकाईने कुणी मुद्दाम काढायला बसलं तर काढता येणार नाही. सुंदर म्हणायची माझी छाती झाली नाही.

"पुसायचा प्रयत्न केलात का?"

"केला ना. त्याने वाढतो. मग ढग करायला गेलो, तर धुरासारखं दिसायला लागलं. म्हटलं, राहू दे." कागदाची कड बोटाने चाचपत ते म्हणाले, "चित्रकार हळदणकरांची ती दिवा हातात धरलेली बाई पाहिलीस ना, म्हैसूरच्या संग्रहालयातली? जलरंग आहे तो. लोकांना ऑइल वाटतं. असा हात आमच्या आयुष्यात यायचा नाही, पण निदान वाळेपर्यंत थांबता यायला हवं." हे ते मला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही.

मी विचारलं, या मागच्या बाजूचा एक फोटो काढू का? काकांनी क्षणभर विचार केला आणि कागद वरळीच्या बाजूने वर करून फोल्डरमध्ये सरकवला. "नको. ही बाजू अशीच बरी." नाडी बांधली. मी आग्रह केला नाही. करावासा वाटत होता, खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी आकाश घातलं. त्याच पद्धतीने, वरून खाली, टपोरी रेघ उचलत उचलत. पण आता टॉवराच्या कडेवरून ऊन थेट बोर्डावर आलं. ओला कागद आरशासारखा लकाकायला लागला, काकांनी डोळे बारीक केले, बोर्ड इकडून तिकडे फिरवला. एक कड वाळायला लागलेली मलाही दिसत होती.

"इकडे ये," ते कागदावरून नजर न काढता म्हणाले. "माझ्या डावीकडे. अजून जरा मागे. हं. थांब."

माझी सावली बोर्डावर पडली. डोकं बरोबर आकाशात, खांद्यावरच्या पिशवीचा फुगवटा पायऱ्यांवर. सावलीत रंग एकदम खरे दिसायला लागले. मी कॅमेऱ्याकडे हात नेला.

"हलू नको."

कॅमेरा पिशवीतच राहिला. सतरंजीवरचे गुरुजी मंत्र म्हणता म्हणता आमच्याकडे बघत होते. एक लहान मुलगा बिस्कीट खात येऊन शेजारी उभा राहिला, त्याचीही अर्धी सावली पाण्याच्या डब्यावर पडली, काकांनी त्याला काही म्हटलं नाही. ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, फोटोत काही नसलेल्या त्या माणसासारखे. मधूनच मान वाकवून तिरकी नजर. मीही माझ्या जागेवरून मान वाकवली. वरच्या कोपऱ्यात अजून ओल चमकत होती, मधे थोडी कमी, खाली पिवळ्याजवळ गेलेली. डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या.

"गेली का चमक?" मी विचारलं.

"कुठली? अजून वेळ आहे," काका म्हणाले, आणि खिशातून शेंगदाण्याची पुडी काढून माझ्यापुढे धरली. एका हाताने मी शेंगदाणे घेतले, दुसरा हात तसाच ठेवला, कारण त्याची सावली ताडपत्रीवर होती.